वीसवाल्यांची खोली

८ डिसेंबर
गणिताच्या सरांनी आज दहावीचे दोन भाग केले. नवा नियम येणार म्हणे. गणित-विज्ञानात पस्तीस नको, वीसलाच पास. पण मार्कशीटवर शेरा, की पुढं हे विषय घेता येणार न्हाईत. आमच्या सालाला लागू का? सर म्हणे, "झाला तर तयारी असावी." सहामाहीत कमी पडलेले सगळे चित्रकलेच्या खोलीत. मी अन् माझी मैत्रीण शबाना त्याच्यातच. आम्हाला नुसती सोपी प्रकरणं. बाकीचं "सोडून द्या."
सोडून द्या म्हंजे? मला सायन्स घेऊन रक्त तपासायचं शिकायचंय. त्या शेऱ्यानं तर दारच बंद.

९ डिसें.
आईला सांगितलं. कापूस वेचून आलेली, बोटं सोलवटलेली. "पास करून राहिले ना? मग?" शेऱ्याचं समजावलं. मग म्हणे, "शिकवायच्या आधीच काहून सोडाय लावतेत?"
तेच तर!

१० डिसें.
पस्तीसवाल्यांत जाऊन बसले. शबानाला ओढून नेलं. सर: "तुमची खोली ती." मी: "सर, मला त्रिकोणमिती शिकायची." पोरं हसली. बाहेर काढलं. खिडकीतून उतरवून घेतलं. फळ्याची डावी बाजू दिसतच न्हाई.

१२ डिसें.
पुन्हा बाहेर. शबानाचे पाय दुखून राहिले. तरी थांबली.

१५ डिसें.
आई कामावर खाडा करून शाळेत. सरांनी खुर्ची दिली. "ताई, पोरीच्या फायद्याचंच सांगून राहिलो. नापास झाली तर तुमीच घरी बसवाल."
आई उभीच. "बसवायची का शिकवायची ते आमी बघू. तुमी शिकवा."
उद्यापासून पस्तीसवाल्यांत मागचा बाक. दोघींना!

१९ जाने.
सराव परीक्षेचे पेपर दिले. मला एकतीस, शबानाला बावीस. सर खुशीत, "बघा, दोघी पास!"
मी उभी राहिले. "सर, पस्तीस न्हाईत, मी नापास आहे. तसंच लिहा."
"वेड लागलं का?"
मी बसलेच न्हाई. शेवटी दोघींच्या पेपरवर नापास लिहिलं त्यांनी, लाल पेनानं.

२० जाने.
शबानानं सुट्टीत गाठलं. म्हणे, "तुझ्यामुळं मी बी नापास झाले सगळ्यांसमोर." तिच्या अब्बांना बावीसचा केवढा आनंद. तिला आर्ट्सच घ्यायचंय. वीस पुरतात तिला. तिचं बी बराबर आहे. पण माझं...

२२ जाने.
शबाना आज मागच्या बाकावर आली न्हाई. एकटीच बसले.
सुट्टीत सर थांबले. "बोर्डात पस्तीस न्हाई पडले तर?"
"पुरवणीला बसीन."
"तिथं बी न्हाई पडले तर?"
पुस्तक उघडून त्यांच्यापुढं सरकवलं. म्हटलं, "सर, हे प्रमेय समजून न्हाई राहिलं."