लिडियाच्या डुकरिणीपाशी आहे

आई,

पाहुण्यांसाठी ठेवलेले निळे टॉवेल नेतेय. शेजारच्या लिडिया कुबेनाची डुकरीण सकाळपासून वितेय आणि त्यांची फडकी संपली. सात पिल्लं झाली, अजून येतायत.

हो, सोमवारी गणिताची परीक्षा आहे. पण ती लिडियालाही आहे आणि बिचारी एका हातात पिल्लू धरून दुसऱ्या हाताने गणितं सोडवत होती. मीच म्हटलं, "तू आत जाऊन अभ्यास कर, मी बसते." ओरडू नकोस. बाबाही पेट्रोल भरायला गेलेले नाहीत. ते तिथेच गोठ्यात बसून प्रत्येक पिल्लाचं बारसं करतायत.

वर्गातल्या पहिल्या दोघांना राज्याच्या मोठ्या विद्यापीठात थेट प्रवेश मिळतो, म्हणून तू आम्हाला ह्यूस्टनहून या एवढ्याशा गावात आणलंस. "तिथे कोण आहे टक्कर द्यायला?" म्हणाली होतीस. लिडिया आहे, आई. आपण येईपर्यंत ती दुसरी होती, आता तिसरी आहे.

आज न राहवून मी तिला सगळं सांगून टाकलं. ती हसत सुटली. "अगं, तुमचं सामान ट्रकमधून उतरायच्या आधीच अख्ख्या गावाला माहीत होतं!"

म्हणजे तिची आई पहिल्या दिवशी जर्दाळू भरलेले गोड कोलाची पाव घेऊन आली, तेव्हा तिलाही माहीत होतं.

लिडिया संध्याकाळी आपल्याकडे जेवायला येतेय. काहीही बोल, पण तिला मार्क विचारू नकोस.

कॉरा