चार वाजताची खारीक

माय, आजपासून माझी बिस्किटं बंद झाली. डॉक्टरांनी रक्त कमी सांगितलं, म्हणून सुनेने डबाच भरून ठेवला आहे: खारीक, काळे मनुके, सुकं अंजीर. रोज चार वाजता चहाबरोबर हेच खायचं, महिनाभर करून तर बघू, म्हणाली. तिच्यासमोर मी मान हलवली. ती आत गेल्यावर पहिली खारीक तोंडात घातली आणि तुझा असा राग आला, की अर्धी तशीच बशीत ठेवली. तू जाऊन इतकी वर्षं झाली, पण राग कालचा असावा तसा आला.

आपल्या घरात सुका खाऊ म्हणजे बांधावरची बोरं. तू ती छपरावर वाळवायचीस आणि शाळेत जाताना माझ्या ओंजळीत घालायचीस. खारीक मात्र घरात आली, की कोणीतरी बाळंत झालेलं असायचं. नाहीतर ती ओटीत दिसायची, आणि तिला हात लावायचा नसे. म्हणून अठ्ठ्याहत्तरच्या हिवाळ्यात, माझ्या दहावीच्या वर्षी, अड्याळच्या बाजारातून तू खारीक आणि मनुके आणलेस, तेव्हा मी विचारलं, कोण बाळंत झालं? तू हसलीस. "कोनी नाई. तुझ्यासाठी हाये. परीक्षेचं साल, डोकं चालाले ताकद लागते. रोज खाय." बाबा चुलीपाशी शेकत होते. "मले नाई का?" म्हणाले. "तुमाले कोनता पेपर लिवाचा हाये?" तू म्हणालीस, आणि आपण तिघंही हसलो.

त्यानंतर रोज चार वाजता मी शाळेतून आले, की तू पदराची गाठ सोडायचीस. दोन खारका, मूठभर मनुके. मी ते चावत चावत भूमितीची प्रमेयं पाठ करायची. आपल्या घराण्यात मॅट्रिक झालेली बाई नव्हती, आणि माझी आई मला ती करायला निघाली आहे, हे मी वर्गातल्या प्रत्येकीला सांगितलं होतं. किती मिरवलं मी तुला.

मग आत्या आली. तळ्यावरून पाणी घेऊन मी अंगणात शिरले, तर तुम्ही दोघी ओसरीत तांदूळ निवडत बसलेल्या, पाठ माझ्याकडे. आत्या म्हणत होती, "पोरीचं मनगट पाह्य, नुसती काडी. पाहुन्यायले दाखवाची कशी?" तू म्हणालीस, "तेच तं करून राहिली न बाई. महिना झाला, खारीक-मनुके चारून राहिली. गाल भरले आता. संक्रांत झाली का बलावतो त्याइले." आत्याने विचारलं, "मंग पेपर?" आणि तू सूप हलवत म्हणालीस, "पेपराचं नाव काढलं म्हनून तं खाल्लं तिनं. नाई तं कायले खाल्लं असतं?"

माझ्या डोक्यावरची घागर मी खाली ठेवली, तेव्हा तू वळून पाहिलंस. माझ्या चेहऱ्यावर तुला काय दिसलं, ठाऊक नाही. तू म्हणालीस, "आली का?" आणि परत सुपाकडे बघू लागलीस.

पाहुणे आले, पसंती झाली, साक्षगंध झालं. हॉल तिकीट आलं त्याच आठवड्यात लग्न होतं. ते तिकीट अजून माझ्या पेटीत आहे, लग्नाच्या फोटोखाली. तिकिटावरची मुलगी वाळकी आहे, डोळे मोठे, गळ्याची हाडं दिसतात. फोटोतली मुलगी गुबगुबीत आणि देखणी आहे. तुझी मेहनत दिसते त्यात.

पुढे धाकट्याच्या वेळी तू माझ्या बाळंतपणाला आलीस, तेव्हा पिशवीत खारकांचा पुडा होता. मी म्हणाले, मले नको. "काहून? तुले तं आवडे," तू म्हणालीस, अगदी भोळेपणाने. तेव्हा भांडायला हवं होतं. मी कूस बदलून भिंतीकडे तोंड केलं. तू माझ्याशी खोटं बोललीस, तेही माझ्या सगळ्यात लाडक्या गोष्टीचं नाव घेऊन. लग्नासाठी खा म्हणाली असतीस, तरी माझा इतका जीव दुखावला नसता.

हा कागद डब्याखालीच ठेवणार आहे. पण एक सांगायचं राहिलं. त्या दिवशी अंगणात सगळं ऐकूनही, दुसऱ्या दिवशी चार वाजता तू पदराची गाठ सोडलीस, तेव्हा मी हात पुढे केला. पाहुणे येईपर्यंत रोज केला. फेकून देता आलं असतं, गाईला घालता आलं असतं. पण गोड लागत होतं, माय, आणि तू ते फक्त मला देत होतीस.