माझा प्रोटोटाइप राजपालदादा

५ जानेवारी, सोमवार
आजपासून पहाटे पाच ते सात जावास्क्रिप्ट, म्हणजे वेबसाइट करायची भाषा, शिकायची. पंचवीस तारखेला वाशीमला वधू-वर परिचय मेळावा. त्याची वेबसाइट करण्याचा मान मेळावा भरवणाऱ्या मंडळाने मला दिला. दुसरं कोणी तयार नव्हतं, ही गोष्ट वेगळी. कारंज्याच्या सरिताचं नाव यादीत आहे. शिक्षिका. फोटो पाहिला. यंदा माझं लग्न होणार, लिहून ठेवतो.

७ जानेवारी, सकाळी ११
आत्ता उठलो. पहाटेचं उद्यापासून.
आधी स्वतःचं पान केलं. नोकरी नाही, म्हणून नोकरीची ओळ टाकली नाही. पानावर आपोआप आलं, ‘नोकरी: अनडिफाइन्ड’, म्हणजे माहितीच दिलेली नाही. बाबांनी चष्मा लावून वाचलं आणि विचारलं, हे अनडिफाइन्ड कोन्त्या खात्यात येते रे. खोटं बोलणं माझ्या स्वभावात नाही. सेंट्रल, म्हणालो.

१० जानेवारी
सापडलं! सेट-प्रोटोटाइप-ऑफ नावाची आज्ञा. एका ऑब्जेक्टच्या, म्हणजे एकाच्या माहितीच्या गठ्ठ्याच्या, मागे दुसरा उभा करायचा. याच्याकडे जे नाही ते त्याच्याकडून येतं, धाकट्याला थोरल्याचा शर्ट येतो तसं. मी माझ्यामागे राजपालदादा लावला. काकांचा मुलगा, पाटबंधारे खात्यात इंजिनिअर. तोही मेळाव्यात आहे, पण फोटोत टक्कल दिसतं.
पान उघडलं. नोकरी: इंजिनिअर! मी एक अक्षर खोटं लिहिलेलं नाही, मशीनने आपणहून दिलं. जावास्क्रिप्टच्या माहितीपुस्तकात लिहिलंय, हे शक्यतो करू नका, काम मंदावतं. मला कुठे घाई आहे?
बाबा म्हणाले, सेंट्रलच बरं होतं.

१३ जानेवारी
उंचीची ओळ खोडली. तीन इंच वाढलो. पदवी, पगार, शेती खोडली. मोबाइल नंबरही खोडला, आमच्या अख्ख्या रिसोडला तो पाठ आहे. आता फक्त नाव आणि फोटो माझे. तेवढं पुरे.

२५ जानेवारी
मेळावा. पडद्यावर माझं पान आलं आणि सरिताच्या वडिलांनी नंबर उतरवून घेतला! डोळ्यांनी पाहिलं. आई म्हणाली, आता फोनवर ध्यान ठेवजो.

२९ जानेवारी
फोन नाही. सिम काढून पुसलं. चार्जर बदलला. चांगल्या घरचे लोक घाई करत नाहीत.

१ फेब्रुवारी
फोन आला. राजपालदादाचा. म्हणाला, तुह्या पानावर माहा नंबर काहून हाय बे? कारंज्याहून त्याला फोन आला होता. घोळ समजावून सांगायला तो स्वतः गेला. चहा झाला, पोहे झाले, पसंती झाली. सरिताचे वडील म्हणाले म्हणे, माहिती सगळी खरी निघाली, फोटो तेवढा चुकला होता.
वाईट वाटलं. फार वाटलं.

३ फेब्रुवारी, मंगळवार
दादाच्या ‘मंगल परिणय’ची पत्रिका मीच करायची, असं घरात ठरलं. नवरीचाही आग्रह आहे.
दुपारी माझ्या पानामागून दादाला काढलं. नंबर, उंची टाकली. नोकरीला टाकायला काही नव्हतं, तिथे पुन्हा ‘अनडिफाइन्ड’ आलं. बाबांनी चष्मा लावला. खूश झाले. म्हणाले, आलं ना सेंट्रलवालं वापस! मंग जॉइन कवा होतं?
सोमवारी, म्हणालो. पहाटे पाच वाजता.