गुणाबाईचा फोन येईल

१७ जानेवारी २०२५

आचलचे बाबा,

नमस्कार. आम्ही दोघी बऱ्या आहोत. तलावात मासळी बरी लागते आहे, मी रोज टोपली घेऊन आरमोरीच्या बाजारात जाते. तुम्ही माझा फोन उचलत नाही. दसरूभाऊ उद्या बल्लारपूरला येत आहेत, त्यांच्याजवळ हे पत्र देते. तुमचं स्वेटरही दिलं आहे.

एक हसण्यासारखं सांगते. मी बॉक्सिंग शिकते आहे. आचल मोबाईलवर बघून शिकते. तिला समोर कोणीतरी उभं हवं होतं आणि घरात मीच. पोत्यात धानाचं वाळलं तणीस भरून आंब्याला टांगलं आहे. डावा पाय पुढे, मागची टाच उचललेली, हनुवटी खाली, अंगठा मुठीच्या बाहेर. एका हाताने मारताना दुसरा गालाजवळ पाहिजे. हे मला काही केल्या जमत नाही. तो हात आपोआप डोक्यावर जातो, टोपली धरायला. मास्तरीणबाई चिडतात. "आई, टोपली नाई ना वं तिथी! हात खाली घे!"

ग्लोव्हज आपल्या विक्कीचे आहेत. आचलने खुंटीवरून काढले तेव्हा मीच तिच्या हातात बांधून दिले. नंतर एकदा नाकाशी धरून पाहिले. घामाचा वास होता. तेवढंच.

अपघातानंतर विक्कीला घरी आणलं त्या दिवसापासून मला काहीच होत नाही. भात रांधते, मासळी विकते, झोपही लागते. तुम्ही जाताना म्हणाला होतात, "पोरगा गेला अन् तुह्या डोळ्यात पानी नाई. तू रडशीन त्या दिवशी येतो मी घरी."

परवा माझा हात पुन्हा वर गेला आणि आचलचा ठोसा बरोब्बर नाकावर बसला. डोळ्यांतून घळाघळा पाणी. कुंपणापलीकडे गुणाबाई होती. "रडली वं माय, वच्छला रडली!" करत तिने मोहल्ल्यातल्या बाया गोळा केल्या. कोणी पाणी पाजलं, कोणी गळ्यात पडून स्वतःच रडलं. त्यांना इतकं बरं वाटत होतं की मी गप्प राहिले. आचल भिंतीला टेकून बघत होती. नाकातलं रक्त थांबलं तसं डोळ्यांतलं पाणीही थांबलं.

गुणाबाई तुम्हाला फोन करेल, कदाचित केलाही असेल. ऐकून तुम्ही निघाल. तुम्ही यावं असं मला रोज वाटतं. दुसरं काही वाटत नाही, हे एवढं वाटतं. आचल म्हणाली, "बाबाले खरं सांगू नको ना. येऊ दे त्याईले." म्हणून दोन दिवस लिहिलं नाही. पण तुम्ही येऊन माझ्या तोंडाकडे बघत बसाल आणि मला रोज रडून मोकळ्या झालेल्या बाईसारखं वागावं लागेल. ते माझ्याने होणार नाही.

मी रडले नाही. पुढे रडेन की नाही तेही ठाऊक नाही. अशा बायकोकडे येणार असाल तर या.

विक्कीची आई,
वच्छला