माझ्या माघारी ठकीचा घास

मी, खाली सही करणारी, वय एक्क्याऐंशी, धंदा घरकाम, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही सांगण्यावरून नव्हे, लिहून ठेवत आहे. वकिलांनी कच्च्या मसुद्यात धंद्यापुढे ‘काही नाही’ असे घातले होते. ते मी त्यांच्या देखत खोडले. बासष्ट वर्षे रोज पहाटे उठून जे केले त्याला काहीतरी नाव असायला हवे. माझे डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. हृदयाबद्दल त्यांचे मत वेगळे आहे. त्याला त्यांनी सहा महिने दिले आहेत.

माझे पती सुतार होते, ते नऊ वर्षांपूर्वी वारले. मला तीन मुले. थोरला औषधांचा ठोक व्यापारी आहे. मधली शिक्षिका होती, आता निवृत्त आहे. धाकटी एक्कावन्न वर्षांची आहे. तिला ह्यांनी पाळण्यातच ठकी म्हणायला सुरुवात केली आणि तेच नाव पडले. ठकीला चालता-बोलता येत नाही. दिसते अंधुक. कान मात्र तिखट आहेत. या कागदाचा सगळा खटाटोप तिच्यासाठी आहे.

कलम एक. पहिल्या मजल्यावरचे राहते घर, दोन खोल्या व स्वयंपाकघर, माझ्या नावावर आहे. माझ्या मृत्यूनंतर ते विकावे आणि येणारी सर्व रक्कम ज्या संस्थेत माझ्या माघारी ठकीला ठेवायचे ठरले आहे तिच्याकडे जमा करावी. घर ठकीला सांभाळणाऱ्याला देईन असे मी थोरल्याला आणि मधलीला समोर बसवून सांगितले होते. थोरला म्हणाला, “आई, घर दे नाहीतर नको देऊस, पण हे माझ्याच्यानं व्हायचं नाही. खोटं कशाला बोलू?” तो खरे बोलला, म्हणून माझा त्याच्यावर राग नाही. फक्त आईने घराबाहेर काढले असे त्याने चार लोकांत सांगत फिरू नये.

कलम दोन. ह्यांची हत्यारे, म्हणजे रंधे, करवती, पटाशा आणि गिरमिट, ह्यांच्या कारखान्यातल्या भागीदाराला द्यावीत. तो धार लावून ठेवील. ठकीची पट्ट्याची खुर्ची देऊ नये. ती जसजशी वाढली तसतशी ह्यांनी ती खुर्ची चार वेळा मोडून नव्याने केली. शेवटच्या वेळी हात थरथरत होते, म्हणून डावा पाय किंचित आखूड राहिला. त्याखाली पुठ्ठा घालावा लागतो. संस्थेने ती ठेवून घेतली नाही तर मोडून टाकावी, पण दुसऱ्या कोणाला बसायला देऊ नये.

कलम तीन. झाकणाचे मोठे पातेले माझ्या नणंदेला देत आहे. ते एकवीस वर्षे तिच्याकडेच आहे. आता हक्काने वापरावे.

कलम चार. ‘आदर्श माता’ असे लिहिलेले चौकटीतले प्रशस्तिपत्रक भिंतीवर आहे. ते देताना महिला मंडळाच्या बाईंनी भाषणात सांगितले की या माउलीने आपल्या लेकीला आजवर दुसऱ्या कोणाच्या हातचा घास खाऊ दिला नाही. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही मान खाली घालून हसले. तो कागद फाडून टाकावा. काच चांगली आहे, कोणाच्या तरी खिडकीला लागेल.

कलम पाच, मधलीसाठी. ती अकरा वर्षांची होती आणि ठकी चार. मी कपडे वाळत घालत होते, तेवढ्यात मधलीने हौसेने ठकीला एक चमचा मऊ भात भरवला. ठकीला ठसका लागला, ओठ निळे पडले. मी तिला उलटी धरून पाठ थोपटली, घास बाहेर आला. मग मी वळले आणि मधलीच्या थोबाडीत दिली. म्हणाले, “पुन्हा हात लावलास तर याद राख.” तिने ती याद सत्तेचाळीस वर्षे राखली. परवा मी तिला चमचा धरायला शिकवू लागले, तेव्हा ती म्हणाली, “आई, मला जमत नाही गं. चमचा हातात घेतला की माझा गालच दुखायला लागतो.” पोरी, चूक माझी होती. तू लाडाने भरवत होतीस. माझी सोन्याची साखळी आणि दोन्ही बांगड्या तुला. त्याने काही भरून येत नाही हे मला कळते.

कलम सहा. वकील म्हणाले, “आजी, माणूस कुणाच्या नावावर करून देता येत नाही.” तरी लिहिते. ठकीला भरवायचे ते उजव्या बाजूने. चमचा लहान, अर्धाच भरलेला. जिभेवर हलका दाब द्यायचा आणि गळ्याची घाटी वर जाऊन खाली येईपर्यंत थांबायचे. घाई केली की घास श्वासनळीत जातो. एका जेवणाला पाऊण तास लागतो. तिला आंबट आवडते. लिंबाचा थेंब जिभेवर पडला की डोळे मिटून हसते. एक्कावन्न वर्षांत तिला स्वतःचे म्हणून मिळालेले सुख एवढेच आहे.

आता माझा हात स्थिर राहत नाही. गेल्या महिन्यात दोनदा घास चुकीच्या वाटेने गेला. म्हणून ठकीला दुसऱ्या हाताची सवय लावायला संस्थेची सेविका आठ दिवस आमच्याकडे येऊन राहिली. डॉक्टरांनी मला बजावले होते, की ठकीला माझी चाहूलही लागता कामा नये. मी स्वयंपाकघरात दार लोटून बसायची. ठकीने तोंड उघडले नाही. हाताला सलाईन लावून दिवस काढले. चार किलो वजन उतरले. डॉक्टर म्हणाले, “दुसऱ्यांदा हे तिला झेपणार नाही. आता पोटात नळी घालू.” त्या संमतीच्या कागदावर पालक म्हणून मी सही केली आहे. येत्या सोमवारी नळी बसेल. त्यानंतर तोंडाने काही द्यायचे नाही, आणि दोन-तीन महिन्यांत गिळायची सवय मोडते असे डॉक्टरांनी सांगितले.

कलम सात. साक्षीदारांनी मजकूर वाचायलाच हवा असे नाही, याची वकिलांना विचारून खात्री करून घेतल्यावर हे कलम लिहीत आहे.

वरती ठकीने तोंड उघडले नाही असे लिहिले, ते खरे नाही. सहाव्या दिवशी दुपारी मी दारामागे होते. सेविका म्हणाली, “अगं बाई, घेतला की! शहाणी माझी ती. अजून एक?” मग चमचा वाटीवर वाजला. तिने दुसराही घेतला, तिसराही. सेविका हसत होती, आणि ठकीही हसली. ते तिचे हसणे मी कधी भिंतीपलीकडून ऐकले नव्हते.

मी खोकले.

मला खोकला आला नव्हता. ठकी गप्प झाली, मान माझ्या दाराकडे वळवली, ओठ घट्ट मिटले. नंतरचे दोन दिवस ते उघडले नाहीत. सेविकेला वाटले, जमता जमता राहिले. डॉक्टरांनी कागदावर ‘रुग्णाचा नकार’ असे लिहिले. मी त्यांना काही सांगितले नाही. नवव्या दिवशी मी आत गेले, तिने माझ्या हातून मुकाट्याने अर्धी वाटी खाल्ली, आणि मला बरे वाटले. हे मी लाज वाटत असूनही लिहिते, कारण ते तसेच झाले.

मी जिच्यासाठी जगले असे सगळे म्हणतात तिला मी जगू दिले नाही. याला क्षमा नाही आणि मी ती कोणाकडे मागत नाही.

नळी सोमवारी बसेल. तोंड तीन महिन्यांत विसरेल. मला सहा महिने आहेत. हा हिशोब मी पुष्कळदा उलटसुलट करून पाहिला, तो माझ्या बाजूने लागत नाही. तरी या मृत्युपत्राची व्यवस्थापक म्हणून मधलीला नेमते आणि सांगते, की मी गेल्यावर, डॉक्टर नको म्हणाले तरी त्यांची मनधरणी करून, त्याच सेविकेला बोलवावे. चमच्यावर लिंबाचा एक थेंब घेऊन तिने एकदा ठकीपुढे धरावा आणि थांबावे. दारामागे तेव्हा कोणी नसेल.

वरील मजकूर माझा आहे, खाडाखोडही माझीच आहे. यापूर्वी मी दुसरे मृत्युपत्र केलेले नाही, यानंतर करण्याइतकी सवड नाही.

सही: ठकीची आई

साक्षीदार पहिले: खालच्या मजल्यावरचे निवृत्त पोस्टमन (मजकूर न वाचता, सही समोर झाली म्हणून)

साक्षीदार दुसरे: घरी येणारे डॉक्टर (मजकूर न वाचता)

स्थळ: राहते घर, स्वयंपाकघर

दिनांक: महिन्याची एकोणीस तारीख, गुरुवार, ठकीच्या जेवणाआधी