उंबऱ्यावरची गौर

१२ सप्टेंबर २००२, गुरुवार

गौर आणली. वहाळाकाठचा तेरडा मुळासकट उपटायचा, वाटेत बोलायचं नाही, मागे बघायचं नाही. सासूबाई पुढे, मी मागे. मुळांतून तांबडं पाणी गळत होतं — त्यांच्या पाठीवरून थेट टाचेपर्यंत. मला बघवेना.

सोमवारी महाडला जायचं. यंदाही पोटात मुलगीच आहे. ह्यांनी डॉक्टरशी बोलून ठेवलंय. म्हणतात, टेन्शन नको घेऊ, लास्ट टाइमसारखंच. सासरे म्हणाले, रंजिता आहे की एक नात, बास झालं. मला घेऊन सासूबाई जाणार. गेल्या वर्षीही त्याच आल्या होत्या. तेव्हाही काही बोलल्या नव्हत्या.

१३ सप्टेंबर



तिन्हीसांजेला आरती चालली होती. ववशाचं, गौरीला वाहायचं सूप घेऊन मी तिच्यापुढे वाकले आणि टाळ एकदम थांबले. सासूबाई घुमत होत्या! एरवी मोठ्याने खोकतसुद्धा नाहीत. केस सुटलेले, डोळे उघडे, पापणी लवत नव्हती. गौरीच्या मुळांची ओली माती मुठीत घेऊन सरळ माझ्याकडे आल्या. पोटाला लावली. हात वहाळाच्या पाण्यासारखा गार. आवाज त्यांचा नव्हताच — कोवळा, लहान पोरीचा.

"एकदा आले व्हते. उंबऱ्यावरनं परत धाडलात. आता वाट अडवू नका."

गेल्या वर्षीचं घराबाहेर कोणालाच ठाऊक नाही. हे भिंतीला टेकले, तोंड पांढरंफटक. सासऱ्यांनी नारळ पुढे केला, चुकलं असेल तर पदरात घे म्हणाले. मग त्या कोसळल्या.

१४ सप्टेंबर

गौर वहाळात सोडली. सासूबाईंना विचारलं. म्हणाल्या, मला काय आठवत नाय.

पोट दोनदा धुतलं. मातीचा वास जात नाही.

१५ सप्टेंबर

सासरे हबकलेत, पण ऐकत नाहीत. गौर वर्षाची पाहुणी, म्हणाले, घर आपल्याला चालवायचंय. उद्या पहिल्या गाडीने निघायचं. रंजितालाही घ्यायचं म्हणतात सासूबाई, मागे रडत बसेल.

झोप लागली की पोटावर तोच गार हात.

१६ सप्टेंबर, नाते

आईकडे आहे.

महाडला उतरल्यावर सासूबाई डॉक्टरकडे वळल्याच नाहीत. आम्हा दोघींना नाते गावच्या गाडीत बसवलं. म्हणाल्या, बाळंत होऊनच ये, घरचं मी बघते. गाडी हलताना खिडकीशी आल्या.

"त्या सांजेला माझ्या अंगात कोण नव्हतं आलं गो. मी पुरती जागी होते."