माइक पुढे दिला

रविवार संध्याकाळ, जर्सी सिटी

आज मंडळात समीरने जुन्या बॉक्सिंगवर टॉक दिला. एकाच किताबावर दोन बॉक्सरांनी हक्क सांगितला होता, त्यातला खरा चॅम्पियन कोण, हे मी शोधून काढलं होतं आणि मित्र म्हणून त्याला सांगितलं होतं. आज म्हणतो, "हे मी शोधलंय." तेही माझ्याकडे बघून.

त्या काळी पेपरात आव्हान छापायचं, कुणी उत्तर दिलं नाही की किताब आपला. ही रीतसुद्धा त्याला मीच सांगितली, यार.

शेवटी सुनंदाकाकूंनी माइक फिरवला. "कुणाला काही बोलायचंय?" माइक माझ्या हातात आला. समीर बघतच होता.

मी माइक पुढे दिला. का दिला?

म्हणजे आता किताब त्याचा.